आंबील, चिंचवणी आणि अठ्ठेचाळीस अंश

आम्हा चंद्रपूरकडच्या लोकांना एक खोड आहे. आम्हाला आमच्या उन्हाचा अभिमान असतो. पुण्याचा कोणी "काय उकडतंय हो, अडतीस झालं आज" असं म्हणाला की आम्ही त्याच्याकडे लहान मुलाकडे पाहावं तसं पाहतो. अडतीस म्हणजे आमच्याकडे होळीच्या आसपासचा पारा. २०१९ च्या मे अखेरीस चंद्रपूर ४८ अंशांवर गेलं तेव्हा जगातल्या सर्वात उष्ण शहरांच्या याद्या आमच्या नातेवाईकांत अशा फिरत होत्या, जणू घरातलं पोरगं बोर्डात पहिलं आलंय. ब्रह्मपुरीचे पाहुणे मात्र जरा नाराज होते, कारण त्यांचं गावही या शर्यतीत दरवर्षी असतंच आणि नाव मात्र चंद्रपूरचं होतं.

आता हा अभिमान जरा बाजूला ठेवू. आमच्या घरी कूलर आला तो १९८० च्या दशकात आणि फ्रीज त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. त्याआधी शेकडो वर्षं माणसं याच उन्हात राहत होती, बांध घालत होती, मोहा वेचत होती, बैलगाड्या हाकत होती. कशाच्या जोरावर? "पाणी पिऊन" हे उत्तर पटकन सुचतं, पण ते पुरत नाही. नुसतं पाणी का पुरत नाही, आणि आपल्या घरातली उन्हाळ्याची पेयं मुळात कुठून आली, यावर गेले काही उन्हाळे मी वाचतोय, म्हाताऱ्यांना विचारतोय. ते इथे लिहून ठेवतो.

माझी सोय अशी की मला दोन आज्या दोन वेगळ्या मुलखांतल्या लाभल्या. आईचं माहेर वरोऱ्याकडचं, म्हणजे काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. वडिलांचं गाव मूलकडे, म्हणजे झाडीपट्टी, तलाव आणि धान. जुना चांदा जिल्हा (त्यातून गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला) असा पश्चिमेकडून पूर्वेकडे ज्वारीतून भातात जातो आणि मग दाट जंगलात शिरतो. पेयंही तशीच बदलत जातात.

वरोऱ्याच्या आजीची आंबील ज्वारीची. संध्याकाळी दोन मुठी ज्वारीचं पीठ आंबट ताकात कालवून मडक्यात ठेवायचं, वर फडकं बांधायचं. सकाळी मोठ्या गंजात पाणी उकळत ठेवायचं, त्यात मीठ, आणि मग ते आंबलेलं पीठ एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. ढवळणं थांबलं की गुठळी. पिठाचा कच्चा वास गेला की उतरवायचं, निववायचं, आणि प्यायच्या वेळी त्यात आणखी ताक, ठेचलेला लसूण, जिरं. पातळ किती? पळीतून सलग धार पडली पाहिजे, पण पळीची पाठ पांढरी राहिली पाहिजे. हे माप आजीचं, आणि याहून चांगलं माप मला अजून मिळालेलं नाही. दोन मुठी पिठात पाच-सहा माणसांची सकाळ निघायची.

मूलच्या आजीकडे ज्वारीचा संबंध नव्हता. तिच्याकडे रात्रीचा उरलेला भात पाण्यात बुडवून ठेवायचा, सकाळी हातानेच कुस्करायचा, मीठ घालायचं, सोबत कांदा आणि हिरवी मिरची. भात मुलांना आणि वरचं आंबूस पाणी कामावर जाणाऱ्यांना, असं साधारण वाटप असे. "पोट्टेहो, खाली पोटानं उनात नोका जाऊ," हे तिचं उन्हाळ्यातलं एकमेव वैद्यकीय मत. हीच चीज थोडं पूर्वेला, कोरची-कुरखेड्याकडून पुढे छत्तीसगडात गेलं की बासी होते, आणि तिथे तर २०२२ पासून १ मे ला, कामगार दिनी, सरकारनेच "बोरे बासी" खाण्याचा दिवस पाळायला सुरुवात केली होती. मंत्री-अधिकारी शिळा भात खाताना फोटोत हसत होते. मूलच्या आजीने तो फोटो पाहिला असता तर काय म्हणाली असती, याची कल्पना करून मी बराच वेळ हसत होतो.

आणखी दक्षिणेला आणि आत, भामरागड-एटापल्लीकडे, माडियांचा जावा. कोसरी नावाचं बारीक धान्य किंवा तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून केलेली पातळ पेज. भोपळ्याच्या वाळवलेल्या तुंब्यात ती भरून रानात न्यायची. तुंब्याचं कवच जाड आणि हलकं, त्यामुळे आतलं पेय उन्हात लवकर तापत नाही. या जाव्यात ताक नसतं. कारण माडिया परंपरेने गाईचं दूध काढतच नाहीत. दूध वासराचं, माणसाचा त्यावर हक्क नाही. तेव्हा वरोऱ्याच्या आजीची ताकाची आंबील ही गोठा असलेल्या शेतकऱ्याची, आणि जावा हा जंगलातल्या माणसाचा. दोन्हींचा हेतू एक, पण साहित्य ज्याच्या त्याच्या घरात जे होतं ते.

शब्दांची गंमत पाहा. तेलुगूत पातळ पेजेला "जाव" म्हणतात आणि आंबवलेल्या पिठाच्या पेयाला "अंबली". कन्नडमध्येही अंबली आहे. आपली आंबील "आंबणे"शी जोडायचा मोह होतो, पण शब्द कोणी कोणाकडून उचलला हे भाषा अभ्यासणाऱ्यांवर सोपवतो. आमच्या जिल्ह्यापुरतं इतकं खरं की इथे या भाषा शेजारी नव्हेत, एकाच बाजारात बोलल्या जातात. सिरोंचा १८६० मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आलं, वरच्या गोदावरी जिल्ह्याचं ठाणं झालं आणि १८७४ मध्ये चांद्याला जोडलं गेलं. राजुरा तर १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानच्या मुलखातलं, मग नांदेड, आणि १९५९ मध्ये आमच्याकडे. त्यामुळे रामनवमीला बल्लारपूर-राजुऱ्याच्या तेलुगू घरांतून गूळ, सुंठ, मिरीचं पानकम् मिळायचं आणि आमच्या घरून त्यांच्याकडे कैरीचं पन्हं जायचं. पन्हं म्हणजे तरी काय, संस्कृतातलं "पानक"च. बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या "मानसोल्लास" या ग्रंथात राजाच्या खाण्याप्रमाणेच त्याच्या पिण्याचाही थाटाचा विचार केलेला आहे. राजाचं पानक आणि शेजारच्या काकूंचं पानकम् यांत फरक वेलदोड्यांच्या संख्येचा असावा, असा आपला माझा अंदाज.

पण राजाच्या पेयाचा इतिहास लिहिला जातो. आंबिलीचा इतिहास शोधायचा तर तो भुकेच्या नोंदींत शोधावा लागतो.

मध्य प्रांतावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ लागोपाठ कोसळले. चांदा जिल्हा त्याच प्रांतात. दुसऱ्या दुष्काळात गावोगाव सरकारी अन्नछत्रं उघडावी लागली. अशा काळात घरातल्या बाईपुढे हिशेब अगदी साधा असतो: पीठ तेवढंच, तोंडं तेवढीच, वाढवता येतं फक्त पाणी. भाकरीला जेवढं पीठ लागतं त्याच्या चौथ्या हिश्शात आंबील होते आणि ती पोटात जागाही व्यापते. शिळा भात टाकायचा नाही म्हणून पाण्यात. आंबलेलं फेकायचं नाही म्हणून ताकात. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण हल्ली "आपल्या पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं" छापाचे निरोप रोज सकाळी येतात (पाठवणारे हे वाचत असतीलच, नमस्कार). आंबील कुणी प्रयोगशाळेत बसून शोधली नाही. ती टंचाईतून आली. ती उन्हावर लागू पडली हे नंतर कळलं, तेही प्यायल्यावर आणि न प्यायल्यावर काय होतं हे पिढ्यान् पिढ्या पाहून.

काय होतं ते माझ्या वडिलांना पक्कं ठाऊक होतं. ते कोळसा खाणीत होते. आमच्याकडे कोळसा जुना, वरोऱ्याची खाण तर एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. खुल्या खाणीत वरून ऊन आणि खालून काळा दगड तापतो. वडील घरून दोन बाटल्या न्यायचे, एकीत पाणी आणि दुसरीत मिठाचं ताक. नवीन आलेले तरुण मजूर गटागटा पाणीच पीत राहायचे आणि दुपारी त्यांच्या पोटऱ्यांत, पोटात गोळे यायचे. "पाण्याने माणूस आकडतो," असं वडील म्हणायचे, आणि मला लहानपणी ते खोटं वाटायचं. पाण्याने कसा आकडेल?

तर मंडळी, हे अगदी याच शब्दांत नाही पण याच अर्थाने १९२३ साली इंग्लंडमध्ये के. एन. मॉस यांनी लिहिलेलं आहे, आणि तेही कोळसा खाणीतल्याच मजुरांवर. खोल, तापलेल्या खाणींत काम करणारे मजूर भरपूर घाम गाळत, भरपूर पाणी पीत, आणि तरी किंवा त्यामुळेच त्यांच्या स्नायूंत जीवघेणे गोळे येत. मॉस यांनी दाखवलं की घामातून पाण्याबरोबर मीठ जातं, पाणी परत मिळतं पण मीठ मिळत नाही, आणि रक्त पातळ होत जातं. उपाय, पाण्यात मीठ. उन्हात कष्टाचं काम करणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि एका लिटर घामात सरासरी दोन-अडीच ग्रॅम मीठ असतं. उन्हाला सरावलेल्या शरीराचा घाम थोडा अळणी होतो, पण मीठ जातंच.

आमच्याकडचं ऊन कोरडं. कोकणातल्यासारखा घाम अंगावर चिकटून राहत नाही, फुटतो आणि उडून जातो. म्हणूनच आमच्याकडे माठातलं पाणी गार होतं आणि वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर चालतो. घाम उडताना अंगही गार करतो. पण त्यामुळे किती घाम गेला हे माणसाला कळतच नाही. कपडे कोरडे, त्यावर पांढरे नकाशे. ते पांढरं म्हणजे मीठ. ते अंगातून गेलेलं असतं.

दुसरी साक्ष बंगालमधली. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं, जमिनीवर रुग्णांच्या रांगा. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचं पाण्यातलं मिश्रण पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाईकांनाच ते पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण जिथे तीस टक्क्यांच्या आसपास जात होतं तिथे ते साडेतीन टक्क्यांच्या घरात आलं. त्यामागचं शास्त्र रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलं होतं: आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. नुसतं मीठ नको, नुसती साखरही नको, दोन्ही हवं. पुढे १९८० च्या दशकात ढाक्याच्या संशोधकांनी ग्लुकोजऐवजी शिजवलेल्या तांदळाचं पीठ वापरून पाहिलं आणि कॉलऱ्यात ते उत्तम चाललं. तांदळातला पिष्ट पदार्थ आतड्यात हळूहळू सुटतो, एकदम साखरेचा लोंढा येत नाही.

शिजवलेलं पीठ, मीठ, पाणी. मूलची आजी आठवली की नाही? घाम आणि जुलाब या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आंबील म्हणजे दवाखान्यातलं पाकीट नव्हे, हे खरंच. पण शरीरातून जातं ते पाणी आणि मीठच, आणि ते परत आत नेण्याचं दार तेच. (याच ओघात एक सांगून टाकतो. ऊन लागून माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला तर त्याच्या तोंडात पन्हं-आंबील काहीही ओतू नये. सावलीत आणून अंगावर पाणी मारावं, वारा घालावा आणि थेट दवाखाना गाठावा. आमच्याकडे अजूनही लोक कांदा शोधत बसतात.)

आता गोड बाजूकडे येतो, नाहीतर बहिणी रागावतील.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे चिंचवणी व्हायची. पितरांसाठी मातीचं नवं मडकं भरायचं, त्या दिवसापासून माठाचं पाणी प्यायचं, आणि पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर जेवण. पितरांना उन्हाळ्यात तहान लागते ही कल्पना मला फार आवडते. मागच्या वर्षीची चिंच भिजवायची, कोळ काढायचा, गूळ, मीठ, जिऱ्याची पूड, झालं. विस्तव लागत नाही, लिंबू विकत आणावं लागत नाही. चिंचेचं झाड कोणाच्या ना कोणाच्या बांधावर असतंच आणि गूळ त्या काळी साखरेपेक्षा घरात जास्त असायचा. चिंच-कैरीतून पोटॅशियम, मिठातून सोडियम, गुळातून साखर. पन्ह्याची कैरी मात्र पंचांगाकडे बघून पडत नाही. एप्रिलमधल्या वादळाने जी पडेल ती गोळा करायची, चुलीच्या राखेत भाजायची. भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला जो धुरकट वास असतो तो कुकरमध्ये उकडलेल्या कैरीला येत नाही, यावर आमच्या घराण्यात एकमत आहे. आमच्या घराण्यात एकमत असलेल्या बहुधा दोनच गोष्टी आहेत, त्यातली ही एक.

चंद्रपूरला चैत्रात महाकालीची यात्रा भरते. देऊळ राणी हिराईच्या काळातलं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. नांदेड-परभणीपासून आणि तेलंगणातून लोक येतात, झरपट नदीत अंघोळ करतात, आणि पारा चाळीशी ओलांडलेला असतो. माझ्या लहानपणी यात्रेच्या रस्त्यावर जागोजाग पाणपोया असत, लाल फडकं गुंडाळलेले रांजण, आत वाळ्याची जुडी. एका व्यापाऱ्याच्या दारात मठ्ठा फुकट मिळायचा. तिथे एक म्हातारा बसलेला असे आणि प्रत्येक पेल्यात चिमूट मीठ टाकूनच पुढे करी, मागा अथवा न मागा. पाणी देणं हे आमच्याकडे पूर्वीपासून राजाचंही काम समजलं गेलं. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील त्याला जमीन मिळे, तिला तुकूम म्हणत. चंद्रपुरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे. तिथे राहणाऱ्या माझ्या मावसभावाला हे सांगितलं तर म्हणाला, "आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं." असो.

मग आंबील गेली कुठे?

लोक म्हणतात फ्रीजमुळे गेली, कोल्ड्रिंकमुळे गेली. मला तसं वाटत नाही, किंवा तेवढंच वाटत नाही. बाटल्या तर आधीपासून होत्या. काचेची गोटी असलेली सोड्याची बाटली हायरम कॉड यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये काढली आणि ती आपल्या एस. टी. स्टँडवर शंभर वर्षं फुटफुटत राहिली. दिल्लीच्या हकीम अब्दुल मजीद यांचं रूहअफ़जा १९०७ चं. पण ही पेयं यात्रेची, लग्नाची, पाहुण्यांची होती. रोजच्या सकाळच्या जागेवर त्यांनी हक्क सांगितला नव्हता. तो सांगितला १९८० च्या दशकात त्या नारिंगी पाकिटाने. एका पाकिटात बत्तीस ग्लास! हा आकडा टीव्हीने आम्हा सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवला. बत्तीस ग्लास म्हटल्यावर तेही स्वस्तच वाटायचं. त्यात घालावी लागणारी साखर कोणी मोजत नव्हतं. कोकाकोला १९७७ मध्ये देश सोडून गेला होता, त्याच वर्षी थम्सअप आलं, १९९३ मध्ये कोकाकोला परत आला, आणि मग छोट्या बाटल्या पानठेल्यापर्यंत पोचल्या. आज दोनशे मिलिलिटरच्या गोड बाटलीत वीस-बावीस ग्रॅम साखर असते, मीठ जवळजवळ नसतं. म्हणजे आमच्याकडच्या उन्हात जे अंगातून जातं ते सोडून बाकीचं सगळं तीत आहे.

पण माझ्या मते खरी गोष्ट लाजेची होती. आमच्या मोठ्या आत्याने एकदा सांगितलं होतं की लग्न होऊन नागपूरला गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात तिने सासरी आंबील केली, तर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे कामवाली पिते ती." आत्याने त्यानंतर चाळीस वर्षं आंबील केली नाही. पन्हं केलं, कारण पन्ह्याला चैत्रगौरीचा मान आहे. ताक केलं. आंबील नाही. ज्यातून टंचाईचा वास येतो ते घर जरा सावरलं की आधी बाहेर जातं, आणि यात सासूबाईंना तरी काय बोल लावायचा? त्यांच्या लहानपणी आंबील आवडीने नव्हे, दुसरं काही नसायचं म्हणून पुढ्यात आलेली असणार.

गंमत अशी की त्याच सासूबाईंच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात ज्वारीची आंबील हवीच असे! विदर्भात कितीतरी घरांत ती तशीच होते. पुरणपोळी, सोळा भाज्या, आणि वाटीत आंबील. देवीला चालते, सुनेला नाही. त्यामुळे आत्याचा हात मात्र मोडला नाही, वर्षातून एकदा का होईना.

ज्यांनी ती सोडली नाही त्यांना सोडून चालण्यासारखं नव्हतं. तेंदूपत्त्याचा हंगाम नेमका एप्रिल अखेर ते मेच्या मध्यापर्यंतचा. सत्तर पानांचा एक पुडा, तो बांधायचा, फळीवर नेऊन वाळत घालायचा, मोजून द्यायचा. त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये मोहा. फुलं पहाटे पडतात, वाकून वेचावी लागतात, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही असं गावातले म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीत दर उन्हाळ्यात मोहा आणि तेंदू गोळा करताना माणसं वाघाच्या हल्ल्यात जातात. म्हणून सांगितलं जातं, अंधारात रानात जाऊ नका, उजाडल्यावर जा. उजाडल्यावर गेलं की परत येईपर्यंत अकरा वाजतात आणि पारा पंचेचाळीसला टेकायला निघालेला असतो. एका बाजूला पहाटेचा वाघ, दुसऱ्या बाजूला दुपारचं ऊन, आणि मधल्या चार तासांत वर्षाची रोख कमाई. दोन वर्षांपूर्वी मी धानोऱ्याच्या बाजूला गेलो होतो तेव्हा फळीवर बसलेल्या बायकांकडे प्लास्टिकच्या दोन लिटरच्या बाटल्या होत्या. तुंबा एकीकडेच. बाटल्यांवर कोल्ड्रिंकची लेबलं, आत पांढरी पेज. एकीच्या पोराकडे मात्र नारिंगी सरबत होतं. तिला विचारलं तर म्हणाली, "त्याले हेच पायजे. शाळेतले पोट्टे हसतेत मणते."

म्हणजे नागपूरच्या सासूबाई आता धानोऱ्याच्या शाळेत पोचल्या.

मोह्याचं सरबतही तिथेच प्यायलो. वाळवलेली फुलं धुऊन, भिजवून, उकळून गाळलेलं गोड पाणी, त्यात लिंबू आणि चिमूटभर मीठ. साखर घालावी लागत नाही, फुलातच मुबलक. याची दारू होते म्हणून या बिचाऱ्या फुलाकडे सरकार कायम संशयाने पाहत आलं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि मोहफुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध महाराष्ट्रात २०२१ मध्ये सैल झाले. दारूबंदीच्या बाजूने मी आहे, आमच्या गावात दारूने काय केलं ते पाहिलंय. पण सरबताने कोणाचं काही बिघडवलेलं नाही.

मोठ्या आत्याला यंदा फोनवर हे सगळं सांगितलं. बंगालचा कॉलरा, इंग्लंडची खाण, आतड्यातलं दार. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पीठ किती घेतलंस?" दोन मुठी म्हणालो. "तुझी मूठ का माझी?" मग तिनेच चमच्यांत माप सांगितलं, ते देतो. एक लिटर पाण्याला सपाट भरलेले तीन मोठे चमचे ज्वारीचं पीठ, रात्री वाटीभर ताकात भिजवलेलं. चहाचा अर्धा चमचा मीठ. लसणाच्या दोन पाकळ्या, जास्त नाही, ऑफिसात जायचं असतं. शिजल्यावर पूर्ण निवू द्यायचं आणि मगच वरचं ताक घालायचं, नाहीतर फाटतं. केलेली त्याच दिवशी संपवायची. रक्तदाबवाल्यांनी मीठ डॉक्टरांना विचारून, हे तिने स्वतःच्या गोळ्यांची डबी खडखडवत सांगितलं.